लाईट आली, पण यंत्र उठलं का?

कोकणात पावसाळ्यात लाईट एकदाच जात नाही. आधी बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, मग अंधार. पाच-दहा सेकंदांनी लाईट येते, तीही अर्धवट, आणि परत जाते. घराघरातून ‘गेली, आली, गेली’ असं ऐकू येतं आणि घरातलं एखादं जाणतं माणूस उठून फ्रिजचा प्लग काढतं. वीज अजून ठरलेली नाही, जरा थांबावं, हे त्याला अनुभवाने कळतं. तुम्ही बनवलेल्या सर्किटला ते कळत नाही. त्याला कळायला हवं असेल तर ते शहाणपण तुम्हीच आधी लिहून ठेवायला हवं. चिपला वीज मिळाल्यापासून तुमचा मुख्य प्रोग्राम सुरू होईपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत ते शहाणपण बसतं. या लेखात मी त्या मिलिसेकंदांबद्दलच सांगणार आहे. रत्नागिरीतल्या शासकीय तंत्रनिकेतनात, फिनोलेक्स अकादमीत किंवा घरच्या टेबलावर बोर्ड बनवणारी मुलं-मुली माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सेन्सर वाचणं, मोबाईलवर आकडे पाठवणं तुम्हाला येतं. यंत्र भिंतीवर टांगून घरी निघून यायचं, आणि ते सगळा पावसाळा आपलं आपण उठत-बसत राहायला हवं, ही पायरी मात्र अभ्यासक्रमात फारशी येत नाही.

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत मी पर्जन्यमापक बसवला होता. मापक कातळावर मोकळ्यावर आणि त्याची पेटी एका काकूंच्या पडवीत. या मापकात एक जुळी वाटी असते. ०.२ मिलिमीटर पाऊस साचला की वाटी एका बाजूला कलंडते, तिचा चुंबक रीड स्विचवरून जातो आणि चिप एक आकडा पुढे सरकवते. जुलैत एका सकाळी नोंदी थांबल्या. फोन केला तर काकू म्हणाल्या, “लाल दिवा तर पेटलाय रे.” गेलो, पेटी उघडली. दिवा खरंच पेटलेला होता, पण बाकी सगळं निपचित. रीसेटचं बटण दाबलं आणि यंत्र काहीच न झाल्यासारखं चालू लागलं. हात लावला की बरा होणारा हा आजार फार वाईट, कारण त्या एका दाबण्याने पुरावाच पुसला जातो. कारण सापडायला मला बरेच दिवस लागले. चूक माझ्या मुख्य प्रोग्रामात नव्हती, त्याच्या आधी होती.

अशी न बघता चालणारी यंत्रं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर बरंच काही अवलंबून आहे. कोकण रेल्वेने रत्नागिरीसह ९ स्थानकांवर आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक लावले आहेत. रत्नागिरी आणि निवसरच्या मधला पानवलचा ६० मीटरहून उंच पूल धरून चार ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवर पुराची सूचना देणारी. त्या आकड्यांवर गाड्यांचा वेग कमी करायचा की गाड्या थांबवायच्या हे ठरतं. आंबा-काजूचा हवामान आधारित फळपीक विमाही महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवरच चालतो. ज्या रात्री नोंद व्हायला हवी नेमक्या त्याच रात्री वीज नाचत असते. ऊन पडलेल्या दुपारी कुठलंही यंत्र चालतं.

आता चिपच्या आत चला. उदाहरणाला मी एसटीएम३२एफ१०३ घेतो. निळ्या छोट्या बोर्डावर मिळणारी ही चिप बहुतेकांनी हाताळलेली असते. ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, कमाल वेग ७२ मेगाहर्ट्झ. रीसेट सुटल्यावर तिचा कॉर्टेक्स-एम३ गाभा पहिल्यांदा फक्त आठ बाइट वाचतो. शून्य पत्त्यावरच्या चार बाइटमधून स्टॅक कुठून सुरू होतो ते, आणि पुढच्या चार बाइटमधून पहिलं काम कुठे आहे त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर जो कोड असतो त्याला रीसेट हँडलर म्हणतात. शून्य पत्त्यावर नक्की काय दिसणार हे बूट० आणि बूट१ या दोन पिना ठरवतात. बूट० शून्य असेल तर तुमची फ्लॅश दिसते. ही पिन लोंबकळती ठेवलीत तर दमट हवेत ती कधी कुठल्या बाजूला झुकेल सांगता येत नाही, आणि यंत्र तुमच्या प्रोग्रामऐवजी कारखान्यातून आलेल्या बूटलोडरमध्ये जाऊन बसतं. १० किलोओहमचा एक रोध जमिनीकडे, आणि जम्पर असेल तर तो घट्ट. एवढ्यावर हा प्रश्न संपतो.

विजेचा प्रश्न मात्र इतक्यावर संपत नाही. माझ्या मते पावसाळ्यातल्या निम्म्याहून जास्त गूढ बिघाडांचं मूळ इथेच असतं.

ही चिप साधारण १.९ व्होल्टला रीसेटमधून बाहेर येते आणि २ व्होल्टपासून काम करते. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण बोर्डावर ती एकटी नसते. एसडी कार्डाला किमान २.७ व्होल्ट लागतात. डब्ल्यू२५क्यू६४ सारख्या सीरियल फ्लॅशलाही २.७. सिम८०० सारख्या जीएसएम मॉड्यूलला ३.४ च्या वर हवेत आणि सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. म्हणजे वीज हळूहळू चढत असताना असा एक पट्टा येतो, की घरातला कर्ता माणूस उठून कामाला लागलाय आणि बाकीचे अजून झोपेत आहेत. कर्ता हाका मारतो, उत्तर येत नाही. आणि इथे एक भयंकर गोष्ट घडू शकते. फ्लॅश झोपेत असताना तिला वाचलं तर उत्तर म्हणून अनेकदा सगळे बिट एकच मिळतात, हेक्समध्ये एफएफ. कोऱ्या फ्लॅशमधूनही नेमकं तेच मिळतं. आता तुमच्या सुरुवातीच्या कोडमध्ये ‘फाइल सिस्टिम सापडली नाही तर नवी बनव’ अशी ओळ असेल, आणि असंख्य नमुना कोडमध्ये ती असतेच, तर मिलिसेकंदभराने फ्लॅश जागी होते तोवर हुकूम निघालेला असतो. अख्ख्या मोसमाच्या नोंदी पुसल्या जातात. यंत्र व्यवस्थित चालू असतं, फक्त जून-जुलै गायब.

म्हणून पहिला नियम मी कुणालाही अगदी कळकळीने सांगतो: यंत्र उठताना काहीही पुसायचं नाही, काहीही फॉरमॅट करायचं नाही. फ्लॅश ओळखू आली नाही तर आधी तिचा ओळख क्रमांक वाचा, थांबा, परत वाचा. तरीही नाही आली तर तिच्याशिवाय चालू व्हा, नोंदी रॅममध्ये ठेवा, आणि ‘फ्लॅश मिळत नाही’ एवढा निरोप बाहेर पाठवा. पुसायचं असेल तर ते माणसाच्या हुकमाने, बटण दाबून, समोर उभं राहून.

हे नुसतं आपल्या छोट्या बोर्डांपुरतं नाही. जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेली नासाची स्पिरिट ही बग्गी थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागली. फ्लॅशवरची फाइल व्यवस्था जोडताना अडचण यायची, त्यातून रीसेट, परत तीच अडचण, परत रीसेट. ती वाचली, कारण फ्लॅशला हात न लावता उठण्याची एक वेगळी वाट तिच्यात आधीपासून ठेवलेली होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून तोच हुकूम पाठवला आणि मग निवांत दुरुस्ती केली. तुमच्या पर्जन्यमापकालाही अशी वाट ठेवता येते, आणि तिला जास्तीचं हार्डवेअर लागत नाही.

दुसरी गोष्ट हार्डवेअरची. रीसेटच्या पिनवर मॅक्स८०९ सारखा तीन पायांचा व्होल्टेज पहारेकरी लावा. २.९३ व्होल्टवाला घ्या. वीज त्याच्या वर जाऊन किमान १४० मिलिसेकंद टिकेपर्यंत तो चिपला रीसेटमध्येच दाबून ठेवतो, आणि खाली गेली की लगेच परत दाबतो. फ्रिजचा प्लग काढून थांबणारा माणूस म्हणजेच हा. जीएसएम मॉड्यूलला वेगळा रेग्युलेटर द्या, नाहीतर त्याच्या प्रत्येक झटक्याला पहारेकरी चिप रीसेट करत बसेल. बोर्ड आधीच बनलेला असेल आणि पहारेकरी लावायला जागाच नसेल, तर चिपमधला विजेवर नजर ठेवणारा भाग, म्हणजे पीव्हीडी, वापरा. तो २.२ ते २.९ व्होल्टपर्यंत लावता येतो. २.९ वर लावा आणि सलग २०० मिलिसेकंद वीज त्याच्या वर दिसल्याशिवाय कार्डाला, फ्लॅशला हातच लावू नका. हा दुय्यम उपाय आहे, कारण पहारा देणारा स्वतःच अर्धवट विजेवर उभा असतो. पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. बोर्डाची वीज बंद केल्यावरही ३.३ व्होल्टच्या रेषेवर मीटर लावा. ०.८, १.१ असं काहीतरी दिसत राहिलं तर वीज मागच्या दाराने आत येते आहे: वेगळ्या बॅटरीवरच्या मॉड्यूलच्या डेटा लाइनमधून, चिपच्या पिनेतल्या संरक्षक डायोडमार्गे. अशा बोर्डाची वीज कधी पूर्ण जातच नाही, त्यामुळे त्यावरचे इतर भाग धड रीसेटही होत नाहीत. त्या लाइनमध्ये रोध टाका किंवा दोन्ही बाजूंची वीज एकत्र तोडा.

वीज ठरली की सुरुवातीच्या कामांचा क्रम येतो. माझा क्रम असा आहे, आणि तो मी ठेचा खाऊन बसवलेला आहे.

सर्वांत आधी ‘मी का उठलो’ हे वाचून ठेवा. या चिपच्या आरसीसी सीएसआर रजिस्टरमध्ये त्याच्या खुणा असतात: वीज आली म्हणून, रीसेट पिनमुळे, वॉचडॉगने (वेळेवर थोपटलं नाही तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरने) उठवलं म्हणून, की सॉफ्टवेअरने. त्या वाचायच्या, जपून ठेवायच्या आणि मगच पुसायच्या. पुसल्या नाहीत तर त्या साचत जातात आणि पुढच्या वेळी काही अर्थबोध होत नाही. आर्डुइनो उनोवरची एटीमेगा३२८पी बूटलोडरशिवाय वापरत असाल तर इथे एक सापळा आहे. वॉचडॉगने रीसेट केल्यानंतर तो बंद होत नाही. उलट सर्वांत कमी मुदतीवर, म्हणजे साधारण १५ मिलिसेकंदांवर, चालूच राहतो. तुमची सुरुवात त्याहून लांबली की तो परत रीसेट करतो, परत, परत. यंत्र थरथरत बसतं. त्याची खूण आधी पुसून तो बंद करायचा, आणि हे मेनच्याही आधी चालणाऱ्या भागात करायचं.

त्यानंतर पिना. रीसेटनंतर या चिपच्या बहुतेक पिना नुसत्या ऐकत्या असतात, मोकळ्या. तुम्ही त्यांना काही सांगेपर्यंत त्यांना जोडलेल्या मॉस्फेटचं गेटही मोकळं लोंबतं. बागेतल्या पंपाचा किंवा फॉगरचा रिले त्याच्यावर असेल तर दर वेळी लाईट आली की तो क्षणभर खटकतो. पहारेकरी लावला असेल तर हा क्षण आणखी लांबतो, हे विसरू नका. उपाय कोडमध्ये नाही. गेटपासून जमिनीकडे १० किलोओहमचा रोध लावा. कोडमधली काळजी वेगळी. पिन आउटपुट करण्याआधी तिच्यावर काय यायला हवं ते लिहा, दिशा नंतर बदला. आउटपुट रजिस्टर रीसेटनंतर शून्यावर असतं. तुमचा रिले शून्यावर चालू होणारा असेल आणि तुम्ही आधी दिशा बदललीत, तर तेवढ्या काही मायक्रोसेकंदांत त्याला ‘चालू’चा झटका मिळतो. आणि पोर्टचं घड्याळ सुरू केल्याशिवाय त्याच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं हवेत जातं. चिप तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही, नुसतं ऐकत नाही. शिकाऊ माणसाचे तासन्‌तास इथे जातात.

मग वॉचडॉग. तो शेवटी नाही, इथेच. आपल्यापैकी बहुतेक जण सगळं सुरू झालं की मुख्य फेऱ्याच्या तोंडाशी वॉचडॉग लावतात. म्हणजे सर्वांत धोक्याचा रस्ता राखणदाराशिवाय पार करायचा. या चिपमध्ये ऑप्शन बाइटमधून स्वतंत्र वॉचडॉग रीसेटबरोबरच सुरू करता येतो. मी तसंच करतो. मात्र तेव्हा त्याची मुदत कमी असते. आतलं घड्याळ ४० किलोहर्ट्झ धरलं तर साधारण ४१० मिलिसेकंद. तेवढ्यात त्याला थोपटायचं किंवा मुदत वाढवून घ्यायची. ती सुमारे २६ सेकंदांपर्यंत नेता येते.

आता घड्याळ, आणि काकूंच्या पडवीतली गोष्ट. ही चिप उठते ती तिच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर. बाहेरचा क्रिस्टल सुरू करायचा, तो स्थिर झाल्याची खूण येईपर्यंत थांबायचं, पीएलएलने त्याला ९ ने गुणून ७२ वर न्यायचं आणि मग तिकडे उडी मारायची. उडीच्या आधी फ्लॅशला ‘दोन फेऱ्या थांबत जा’ असं सांगायचं, कारण २४ मेगाहर्ट्झच्या वर फ्लॅशला एक आणि ४८ च्या वर दोन प्रतीक्षा फेऱ्या लागतात. हे उलट्या क्रमाने केलंत तर चिप वेगाने धावते, फ्लॅश मागे राहते, आणि वाचलेल्या सूचना चुकीच्या येतात. त्यातही वाईट म्हणजे थंड सकाळी टेबलावर कदाचित चालेलही. एपीबी१ या बसला ३६ ची मर्यादा आहे, तिला दोनने भागा. एडीसीला १४ ची आहे, सहाने भागून १२ वर ठेवा.

माझ्या यंत्रात हे सगळं बरोबर होतं. चूक होती ती क्रिस्टल सुरूच झाला नाही तर काय करायचं या जागी. तयार कोडमध्ये १०० मिलिसेकंदांची मर्यादा असते. त्यानंतर तो ‘चूक झाली’ असं सांगतो आणि एरर हँडलर नावाच्या एका छोट्या फंक्शनमध्ये जातो. त्यात तुम्ही काही लिहीपर्यंत असतो एक अनंत फेरा. ती जागा आपण भरावी म्हणूनच तशी ठेवलेली असते. मी ती भरली नव्हती. त्या रात्री दमट, खारट हवेत क्रिस्टलच्या पायांशी ओल धरली असणार, वीज अर्धवट आली, क्रिस्टल वेळेत हलला नाही, आणि चिप त्या अनंत फेऱ्यात शिरली. वॉचडॉग सुरू व्हायचा होता. लाल दिवा थेट विजेवर होता, म्हणून तो पेटलेला राहिला. सकाळी मी बटण दाबलं तोवर वीज स्थिर होती, पेटी आतून थोडी उबदार झाली होती, आणि सगळं पहिल्या झटक्यात सुरू झालं.

आता मी काय करतो ते सांगतो. क्रिस्टल नाही आला तर दोनदा परत प्रयत्न करायचा. तरीही नाही तर आतल्या घड्याळावरच पुढे जायचं. पाऊस मोजायला ७२ मेगाहर्ट्झ लागतच नाहीत. फक्त यूएआरटीचे भागाकार नव्या वेगाप्रमाणे मांडून घ्यायचे, नाहीतर मॉड्यूलशी बोलणं बरळणं होतं. चालता चालता क्रिस्टल बंद पडला तर चिप स्वतःच आतल्या घड्याळावर येईल अशीही सोय आहे, तिला सीएसएस म्हणतात. पण तेव्हा एनएमआय हा इंटरप्ट येतो, आणि तुम्ही त्याचा हँडलर लिहिला नसेल तर तिथेही अनंत फेराच असतो. म्हणून मी प्रत्येक रिकाम्या हँडलरमधला फेरा काढून तिथे ‘कारण लिही आणि रीसेट हो’ एवढंच ठेवतो.

वेळेसाठी लावलेला ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटा क्रिस्टल याहून नाजूक. तो अगदी थोड्या विजेवर चालतो, त्यामुळे पायांमधला सोल्डरचा चिकट फ्लक्स आणि त्यावर बसलेली खारी ओल त्याला सहज गप्प करते. सुरू व्हायलाही त्याला सेकंदभर लागू शकतो, आणि तयार कोड त्याच्यासाठी ५ सेकंद थांबतो. तेवढ्यात ४१० मिलिसेकंदांचा वॉचडॉग तुम्हाला किती वेळा उठवेल याचा हिशोब करा. मी हा क्रिस्टल सुरू करून पुढे निघून जातो, पहिली नोंद घेतो, आणि तो आला का हे नंतर बघतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलुखात बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, वाळवून, वर संरक्षक लेप देणं हा फर्मवेअरचाच भाग समजा. पेटीची तार खालून आत घ्या आणि आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून जाईल.

रॅमबद्दल थोडंसं. रीसेट हँडलर मेनला बोलावण्याआधी दोन कामं करतो. सुरुवातीची किंमत दिलेली चलं फ्लॅशमधून रॅममध्ये नकलतो, आणि बाकीच्या चलांची जागा शून्य करतो. घड्याळ लावणारं फंक्शन काही स्टार्टअप फायलींत याच्या आधी बोलावलेलं असतं, काहींत नंतर. आधी असेल तर त्याने एखाद्या ग्लोबल चलात लिहिलेलं पुढच्याच क्षणी पुसलं जातं. तुमची फाइल उघडून एकदा बघाच. रीसेट हँडलरच्या असेम्ब्लीच्या थोड्याच ओळी असतात, घाबरण्यासारखं काही नाही. रीसेट का झाला, किती वेळा झाला, हे टिकवायचं असेल तर रॅमचा एक छोटा तुकडा या शून्य करण्यातून वगळा आणि त्याच्याबरोबर चेकसम ठेवा. वीज क्षणभरच गेली असेल तर जुने आकडे अर्धेमुर्धे टिकतात आणि खरे वाटतात. चेकसमशिवाय त्यांच्यावर विश्वास नको. घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी लावलेली असेल तर या चिपमधली १६ बिटांची १० बॅकअप रजिस्टरं जास्त भरवशाची.

लिनक्सवाल्या बोर्डांची गत वेगळी. तिथे चिपमधला पक्का कोड आधी एक छोटा लोडर चिपच्या आतल्या रॅममध्ये आणतो. बाहेरची मोठी रॅम कशी चालवायची हे तो लोडर शिकवतो, आणि मग मोठा लोडर व कर्नेल येतात. बीगलबोनचा क्रम असाच आहे. रास्पबेरी पायमध्ये तर मुख्य प्रोसेसरच्याही आधी ग्राफिक्सचा भाग उठतो. इथे तुमच्या हातात फारसं नसतं. कार्डाची मुख्य विभागणी फक्त वाचण्यापुरती ठेवा, नोंदी दुसऱ्या विभागणीवर. शक्य असेल तर मोजण्याचं काम छोट्या चिपवर आणि पाठवण्याचं पायवर अशी वाटणी करा. पाय आडवा झाला तरी वाटी मोजली जाते.

आता चाचणी. प्लग काढून, दहा सेकंद थांबून परत लावणं ही चाचणी नव्हे. तेवढ्यात कपॅसिटर पूर्ण रिकामे होतात आणि सगळं स्वच्छ सुरू होतं. घातक असतात ते ५० ते ५०० मिलिसेकंदांचे खंड, ज्यात बोर्ड अर्धा मेलेला असतो. दुसऱ्या एखाद्या बोर्डाने रिले चालवा आणि तुमच्या यंत्राची डीसी वीज कधी २० मिलिसेकंद, कधी २००, कधी ३ सेकंद अशी वेडीवाकडी तोडत रात्रभर ठेवा. सकाळी रीसेट मोजणारा आकडा आणि रिलेने तोडलेल्या वेळा ताडून बघा. दुसरी चाचणी हळू चढणाऱ्या विजेची. प्रयोगशाळेतल्या डीसी सप्लायचा नॉब शून्यापासून ५ व्होल्टपर्यंत मिनिटभरात फिरवा, मग परत खाली, मध्येच थांबा, वर या. अडॅप्टरसकट बघायचं असेल तर डिमरस्टॅट आहे, पण त्याचं आउटपुट मेनपासून वेगळं केलेलं नसतं. शॉक बसतो. सरांना शेजारी उभं करूनच ते करा. आणि यात कार्ड, जीएसएम, सेन्सर सगळं जोडलेलं हवं. नुसत्या बोर्डावर पास झालेली चाचणी मी धरत नाही.

हे सगळं होताना आत काय चाललंय ते दिसायला हवं. एक मोकळी पिन राखून ठेवा आणि प्रत्येक टप्पा पार झाला की तिच्यावर तितके छोटे ठोके द्या. आठ चॅनलचा स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनलायझर लावला की यंत्र कुठल्या पायरीवर अडलं ते सरळ मोजता येतं. तेच ठोके सावकाश करून एका हिरव्या दिव्यावर आणा. एक म्हणजे सगळं ठीक. दोन म्हणजे फ्लॅश मिळत नाही. तीन म्हणजे क्रिस्टल नाही, आतल्या घड्याळावर चाललोय. चार म्हणजे वॉचडॉगने उठवलं. लाल दिव्यासारखा तो थेट विजेला जोडू नका. तो चिपनेच पेटवलेला हवा, म्हणजे लुकलुकला तर चिप जिवंत आहे याची खात्री.

यंत्र मे महिन्यातच बसवा, म्हणजे मृगाच्या आधी वळवाच्या पावसात आणि त्या वेळच्या वीज जाण्या-येण्यात त्याची एक परीक्षा होऊन जाते. आणि पेटीच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा, प्लास्टिकच्या आवरणात, मोठ्या अक्षरात, मराठीत: किती वेळा लुकलुकला म्हणजे काय. माझ्या सगळ्या पेट्यांमध्ये आता तो आहे.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री त्या वाडीत बराच वेळ लाईटचा खेळ चालला. सकाळी मी फोन केला.

“काकू, हिरवा दिवा लुकलुकतोय का हो?”

“लुकलुकतोय की.”

“किती वेळा?”

“थांब, चष्मा आणते.” मग पावसाचा आवाज, झाकणाची कडी. “एक, दोन, तीन. मग थांबतोय. परत तीन. इथे लिहिलंय, क्रिस्टल नाही. बिघडलाय का रे?”

“नाही काकू. मोजतोय तो. पाऊस उघडला की येतो मी.”